चवदार तळ्यावरचे चतुर

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो. क्रांतिस्तंभाला वंदन करतो, तळ्याला फेरी मारतो, पुस्तके-कॅलेंडरे घेतो आणि रात्रीच्या एस.टी.ने परततो. महाडची माती पायाला लागते, पण महाड पाहायचे राहूनच जाते. आम्हीही बरीच वर्षे तेच केले. गेल्या मे महिन्यात मात्र पोरांच्या सुटीत सहकुटुंब पोलादपूरला, आमच्या सासुरवाडीस, चार दिवस राहिलो.

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाडवरून समुद्राकडे जाते. मे महिन्यात पात्र आटते, डोह तेवढे उरतात. सकाळी गेलो तर ओल्या वाळूवर पिवळी-पांढरी फुलपाखरे थव्याने बसलेली.

"ही वाळू खातात का?" मुलीने विचारले.

खात नाहीत, ओलाव्यातले क्षार शोषून घेतात. त्यांत बहुतेक नरच असतात. जवळच दरडीला बिळे होती. एक वेडा राघू चोचीत चतुर धरून त्यातल्या एका बिळात शिरला. उन्हाळ्यात तो अशी बिळे कोरून पिल्ले वाढवतो.

संध्याकाळी अंगणात बसलो असता सासरे म्हणाले, "जावईबापू, पूर्वी ढोर मेलं की घटकाभरात गिधाडं जमायची. आता एक दिसायची मारामार."

१९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले आणि आपल्या माणसांनी ते सोडले. गिधाडांना मात्र दुसरे अन्न नाही. १९९० नंतर ती झपाट्याने मरू लागली. गुरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध देत. ते अंगात असलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. तोवर आभाळ रिकामे झाले होते.

परतताना महाडला तळ्यावर थांबलो. गर्दी नव्हती. पाण्यावर लाल, निळे चतुर भिरभिरत होते. चतुराचे बाळपण पाण्यातच जाते. तिथे त्याची पिल्ले डासांच्या अळ्या खाऊन वाढतात. म्हणजे चतुर आपले कामच करीत असतो.

एवढ्यात धाकट्याने एक चतुर पकडला आणि शेपटीला दोरा बांधला. लहानपणी आम्हीही हेच करीत होतो, त्यामुळे बोलायला तोंड नव्हते. आमच्या सौ. मात्र म्हणाल्या, "राघूनं धरला तो पिल्लांसाठी. तू कशासाठी धरलास? आणि धरलास तोही या तळ्यावर?"

पोराने खाली मान घालून गाठ सोडली. चतुर थोडा वेळ पायरीवर तसाच बसून राहिला. आम्ही सारे गप्प होतो. मग तो उडाला आणि पाण्यावरून दूर गेला.

वाचकहो, येत्या २० मार्चला पोरांना घेऊन तळ्यावर याल तेव्हा दोन मिनिटे पाण्याकडे नुसते पाहा. खाऊचे कागद आणि पिशव्या मात्र सोबत परत न्या. ज्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला, ते स्वच्छ ठेवणे आपल्याच हाती आहे. जयभीम!