थांबता येईल अशी गाडी

माझी युनिकॉर्न मोटारसायकल विकायची नाही, हे सगळ्यात आधी ठरलं. साताऱ्याहून मेढ्याच्या बाजूला शाळेत रोजचं जाणं-येणं तिच्यावरच, आणि त्या कामाला तिच्याइतकी गुणी गाडी शोधून सापडायची नाही. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत तिच्यावरूनच मी गोकर्ण-मुर्डेश्वर केलं, बदामी-हंपी केली, कोकणात उतरणारे बहुतेक घाट पालथे घातले. सगळं एकटीनं. सोबतीचं वावडं आहे असं नाही. पण एकटं असताना रस्ता जसा दिसतो तसा गप्पांच्या नादात दिसत नाही, आणि ते सुख मला सोडायचं नव्हतं. मात्र दीडशे सीसीच्या इंजिनाला हायवेवर दिवसभर पंचाहत्तर-ऐंशीनं पळवायचं म्हणजे त्याचा जीव काढणं. हँडलची थरथर तळहातात उतरते. दुपारी जेवायला थांबावं तर उजव्या हाताच्या बोटांना पाण्याचा ग्लाससुद्धा नीट धरवत नाही. खंबाटकीच्या चढाला ट्रक ओलांडायचा तर आधी मनात हिशेब मांडावा लागतो. रोजची गाडी रोजच्यासाठी राहू दे, लांबच्या वाटेसाठी दुसरी घ्यायची, असं मग पक्कं केलं.

ज्याला विचारावं तो ताकदीपासून सुरुवात करायचा. "घेतेच आहेस तर मोठी घे ताई, हे काही पुन्हा पुन्हा होत नाही," हे धाकट्या भावाचं म्हणणं. मोठी म्हणजे चारशेच्या पुढची. मी माझ्या नेहमीच्या वाटा डोळ्यांसमोर आणल्या. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, त्यावरही बंदी. राहिले पुणे-बेंगळुरूसारखे राष्ट्रीय महामार्ग आणि मग राज्यमार्ग, जिथे दर गावाला गतिरोधक, हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि मध्येच बैठक मारून बसलेल्या म्हशी. चौपदरी महामार्गावरही मोटारसायकलला वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटरची. तेवढा वेग इंजिनानं दिवसभर न कण्हता द्यावा, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी चाळीस अश्वशक्तीची गरज नाही, हे भावाला पटवायला वेळ लागला, मला स्वतःला लागला नाही.

मग शोरूम पालथी घालायला सुरुवात केली. माझी उंची पाच फूट तीन इंच, हे इथं सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच फिरलं. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स फक्त १६७ किलोची, इंजिन हलकंफुलकं, वळणात आपणहून झुकणारी. पण सीट ८३५ मिलिमीटरवर. दोन्ही टाचा हवेत, नुसत्या चवड्यांवर तोल. नव्या हिमालयन ४५० ची सीट सगळ्यात खाली घेतली तरी ८२५. इंटरसेप्टर ६५० मात्र मनात भरली. तिच्या दोन सिलिंडरांचा तो भरदार सूर, गिअर न बदलता चाळीसपासून शंभरपर्यंत ओढत नेणं; फेरी मारून आले तरी हेल्मेट काढवेना. पण दोनशे किलोहून जड ती गाडी सिग्नलला पायांनी रेटायची म्हटलं की नडग्या फूटपेगला लागत होत्या.

शोरूमची फेरी म्हणजे पुढच्या चौकातून वळून परत. तेवढ्यात कळतं ते इंजिन, आणि फार तर ब्रेक. एका ठिकाणी मी विक्रीवरच्या मुलाला म्हटलं, "इंजिन बंद करून, वर बसल्या बसल्या मला ही मागे ढकलून बघायचीय." तो गोंधळून गेला. त्यानं मला मायलेज सांगितलं, मोबाइल जोडून दाखवला, सीटचा फोम दाबून दाखवला. गाडी मागे ढकलण्याची चौकशी त्याच्याकडे आजवर कुणी केलीच नसावी.

मला मात्र आरामाचा सगळा प्रश्न तिथेच दिसत होता. चालती गाडी आपला तोल आपण सांभाळते. भारी गाडी तर हायवेवर जास्तच शांत चालते. एकट्या माणसाची परीक्षा ती थांबताना. समजा डावीकडे अचानक एखादं तळं लागलं, काठावर चित्रबलाकांचा थवा उतरलेला. रस्त्याची कड खडीची, गटाराकडे उतरती. पाय नीट टेकणार नाहीत, गाडी पुन्हा चढावर ओढता येणार नाही, असं माहीत असलं की हात ब्रेकवर जातच नाही. पुढे बघू म्हणत आपण निघून जातो, आणि असं दिवसभर होत राहतं. बरोबर कुणी असेल तर तो उतरून मागून रेटा देतो. एकटीला ती सोय नाही. कंबरदुखीनं माणूस दमतो तेवढाच, किंबहुना त्याहून जास्त, या मनातल्या धाकधुकीनं दमतो. म्हणून आरामदायी गाडी म्हणजे जी मला हवी तिथे थांबवता येईल, वळवता येईल आणि आडवी झाली तर उचलता येईल, असा माझ्यापुरता निकष मी ठरवला.

उचलण्याचं माझ्या डोक्यात घातलं ते आमच्या गॅरेजवाल्या चाचांनी. "चालवायला काय, कुणालाही येतं मॅडम. पडलेली उचलून दाखवा, मग खुशाल कुठलीही घ्या." त्यांच्याकडे बिडाच्या इंजिनाची एक जुनी बुलेट असते. एका रविवारी त्यांनी अंगणात पोती पसरली, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि ती बुलेट उजव्या अंगावर निजवली. मी समोरून वाकून दोन्ही हातांनी हँडल ओढायला गेले तर त्यांनी तिथेच अडवलं. "पाठीचा मणका जाईल. तोंड फिरवा." गाडीकडे पाठ करायची. आधी गिअर टाकून ठेवायचा, म्हणजे चाक पळत नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उचलण्याच्या भरात ती पलीकडे कोसळते. पुढचं चाक जमिनीकडे वळेल असं हँडल पूर्ण वळवायचं, त्यामुळे खालची मूठ टाकीजवळ हाताशी येते. खाली बसून सीटची कड पाठीच्या बुडाशी टेकवायची, एका हातात ती मूठ, दुसऱ्या हातात मागची दांडी, पाठ ताठ, आणि मांड्यांच्या जोरावर एकेक लहान पाऊल मागे टाकत जायचं. पहिल्यांदा बुलेट जागची हलली नाही. चाचा म्हणाले, हातांनी ओढू नका, पायांनी चाला. तसं केलं आणि ती आली की वर! हात तर नुसते धरण्यापुरते होते. अंगणात चहा घेऊन आलेल्या चाचींनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मी ती बुलेट डाव्या अंगावरही पाडून उचलली, पोती काढून नुसत्या मातीवरही उचलली.

पुढची पायरी म्हणजे पुण्याहून एकेका दिवसाच्या भाड्यानं गाड्या आणून एकाच वाटेवर घालणं. वाट ठरवली साताऱ्याहून ठोसेघर, पुढे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचं पठार. चढ, वळणं, उखडलेलं डांबर, आणि पठारावर आडवा वारा. लांबच्या प्रवासात जे जे लागतं ते सगळं तिथे एका दुपारीत मिळतं. आधी नेली जुनी हिमालयन, ४११ सीसीची. तिच्या पुढच्या चाकाला २०० आणि मागच्याला १८० मिलिमीटर खालीवर व्हायला जागा. खड्डा आला हे फक्त डोळ्यांना कळायचं, कमरेला नाही. बसणं ताठ, गुडघ्यांना मोकळीक, हँडल हाताशी. वाऱ्यातही ठाम. चढ चढेपर्यंत मी तिच्या प्रेमात होते. मग पठारावर कडेच्या मुरमात थांबले. सीट ८०० मिलिमीटरची, वजन १९९ किलो, आणि जमीन नेमकी डावीकडे झुकलेली. डावा पाय टेकला, पण उजवा हवेत, आणि गाडी मागे घ्यायला दोन्ही पाय लागतात. शेवटी एका पवनचक्कीचा रखवालदार आला, त्यानं मागून कॅरिअर धरून ओढलं, तेव्हा कुठे ती रस्त्यावर आली.

दुसऱ्या खेपेला मीटिअर ३५०. वजन १९१ किलो, म्हणजे फार हलकी नाहीच. पण सीट ७६५ मिलिमीटरवर आणि सगळा भार खाली. त्याच मुरमात, त्याच उतारावर थांबले. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट, गुडघे किंचित वाकलेले. बसल्या बसल्याच टाचा रोवून तिला मागे घेतली, हँडल वळवलं, रस्त्यावर आले. रखवालदार आज लांबूनच हात हलवत होता. मी मुद्दाम आणखी थांबे शोधले: बांधाच्या कडेला, गवतात, घाटातल्या वळणाच्या पोटात. सगळीकडे जमलं. तिचं ३४९ सीसीचं इंजिन २७ न्यूटन मीटरचा जोर चार हजार फेऱ्यांनाच देतं, थरथर मारायला आत बॅलन्सर शाफ्ट आहे; ऐंशीला आरशातली मागची गाडी स्पष्ट दिसते. चाकं अलॉयची, टायर ट्यूबलेस, शिवाय सेंटर स्टँड. हे सेंटर स्टँडचं प्रकरण बरेच जण किरकोळ मानतात. पण दर पाचशे किलोमीटरला साखळीला तेल द्यायचं आणि चाक फिरवायला दुसरं माणूस नाही, तेव्हा त्याची किंमत कळते.

त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा ४० टक्के झाला. भाऊही गप्प झाला. दसऱ्याच्या सुमारास मीटिअर घरी आली.

क्रूझर घडणीची गाडी घेतली की एक गोष्ट पत्करावी लागते: पाय पुढे जातात, आणि शरीराचा भार मांड्यांवर न राहता माकडहाडावर येतो. मागचे शॉकअप्सही हिमालयनसारखे लांब नसतात. यावर जे करता येतं ते मी केलं. शॉकअपच्या स्प्रिंगला सहा खाचा असतात. माझ्यासारख्या हलक्या, एकट्या बसणाऱ्या माणसाला सगळ्यात सैल खाच लागते. हुक पान्यानं ती फिरवली आणि त्याच खड्ड्यातून पुन्हा जाऊन पाहिलं, फरक ताबडतोब जाणवला. बाजारपेठेतल्या सीटवाल्यानं फोम कापून बरोबर माकडहाडाखाली खळगा ठेवला आणि कडेनं घट्ट फोम भरला. मऊ फोम तासाभरात दबतो आणि मग खालचा सांगाडा टोचतो, हे त्यानंच समजावलं. मागची सीट माझ्या दृष्टीनं सामानाची. जड वस्तू दोन बाजूंच्या पिशव्यांत, चाकाच्या आसाजवळ. वर फक्त कपडे आणि रेनकोट. राहिलेलं दुखणं दर तासाला उतरून चार पावलं चालल्यानं जातं. आणि उतरणं हेच तर या गाडीवर सोपं आहे.

नाताळच्या आगेमागे रजा टाकून लोणारला निघाले. फलटण, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा हा माझा नियम, कारण गळिताच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्री दिसता दिसत नाहीत. दिवसा मात्र मी वाट्टेल तिथे थांबले. वेचून ढीग घातलेल्या कापसापाशी थांबले, सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या वाड्यासमोर थांबले, आणि समृद्धीच्या पुलाखाली सावलीत थांबून संत्री सोलून खाल्ली. डोक्यावरून मोटारी सुसाट जात होत्या.

दुसरबीडच्या पुढे मागचं चाक हलल्यासारखं वाटलं. हवा चालली होती. गाडी कडेला घेतली, सेंटर स्टँडवर चढवली, चाक हातानं हळूहळू फिरवलं तर खाचेत खिळ्याचं चकाकतं डोकं. पकडीनं उपटला. टोच्या भोकात घालून चार-पाच वेळा फिरवला, सुईत ओवलेल्या चिकट पट्टीला सोल्यूशन लावून आत रेटली, सुई झटक्यात बाहेर ओढली, वर आलेली शेपटं कापली. बॅटरीला पंपाची वायर जोडली. शेजारच्या रानातून एक मावशी ओच्यात तुरीच्या शेंगा घेऊन आल्या. "पोराला बोलवू का गं बाई? त्याला येतंय हे." मी म्हटलं, झालंच मावशी, हवा भरतेय फक्त. त्या तिथेच बांधावर बसल्या, मीही बसले. पंप घरघरत होता आणि आम्ही शेंगा सोलत त्यांच्या माहेरच्या, साताऱ्याच्या, शाळेच्या गोष्टी करत होतो. हवा भरून झाली तरी अर्धा तास उठले नाही. तरीही दिवस मावळायच्या आत लोणारच्या काठावर पोचले. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते उल्केनं खोदलेलं विवर, आणि तळाशी खारं पाणी. दैत्यसूदन मंदिराच्या गावात गाडी लावायला चिंचोळी बोळ होती. उलटी घालून सरळ लावली.

आता शाळेतल्या सहकाऱ्यांची मुलंमुली मला गाडीचं विचारायला येतात. परवा कराडची एक मुलगी आली. नोकरीला लागलीय, पहिल्या पगारातून साठवतेय, तिला एकटीनं स्पितीला जायचंय. माझी मीटिअर बघून म्हणाली, हीच घेते. ती उंचीनं माझ्यापेक्षा चांगली पाच इंच जास्त, आणि तिकडचे रस्ते दगडगोट्यांचे. तिला मी सांगितलं की तुला हिमालयनच बरी पडेल, पण आधी भाड्यानं आणून एक पूर्ण दिवस चालव. आणि त्याआधी रविवारी चाचांच्या गॅरेजात ये. बुलेट आहे, पोतीही आहेत.