जादा वीस अश्वशक्ती

विमानाचं इंजिन बदलायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांना हवा होता वेग, आणि मला हवा होता चढ. डॉक्टर म्हणजे विमानाचे मालक, पुण्यातले सर्जन. विमान १९७८ सालचं, चार आसनांचं, एका इंजिनाचं सेस्ना १७२. मी त्याची देखभाल करणारा लायसन्सधारक अभियंता. आमच्या क्षेत्रात आम्हाला एएमई म्हणतात. काम बारामतीच्या हँगरमध्ये, आणि घर शनिवार पेठेत, ओंकारेश्वराजवळ. या विमानाचं निम्मं काम मी हँगरमध्ये केलं आणि निम्मं या घरात, जेवणं आटोपल्यावर, मॅन्युअल आणि कॅल्क्युलेटर घेऊन.

जुन्या इंजिनाचे तास भरत आले होते. लायकमिंगच्या या मालिकेला साधारण २,००० तासांनी ओव्हरहॉल करायचा असतो. तेव्हा जुनंच खोलून नव्यानं बांधायचं, की १६० अश्वशक्तीच्या ओ-३२० च्या जागी १८० चं ओ-३६० बसवायचं, हा प्रश्न होता. कल्पना काही धाडसाची नव्हती. हे विमान १९५६ साली बाजारात आलं ते १४५ अश्वशक्ती घेऊन. १९६८ मध्ये १५० झाली, १९७७ मध्ये १६०, आणि १९९८ च्या १७२-एस मध्ये कारखान्यानंच १८० दिली. त्याआधीही हेच घडत आलं आहे. डी हॅविलंडचं मॉथ १९२५ मध्ये ६० अश्वशक्तीवर उडालं आणि तीनच वर्षांत १०० चं जिप्सी इंजिन लावून जिप्सी मॉथ झालं. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला टपाल आणलं ते त्याच घराण्यातल्या पस मॉथमधून, १२० अश्वशक्तीवर.

डॉक्टर एका संध्याकाळी घरी आले आणि बसल्या बसल्या विचारलं, "वीस हॉर्सपॉवर वाढली तर वेग किती वाढेल?" मी कागद पुढे ओढला. हवा कापत जायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताकद साडेबारा टक्के वाढवली तर वेग जेमतेम चार टक्के वाढतो. ताशी दोनशे किलोमीटरचे दोनशे आठ. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"मग एवढा खर्च कशासाठी?"

"उड्डाणाच्या पहिल्या दोन मिनिटांसाठी," मी म्हटलं.

शनिवार पेठ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, बारामतीही जवळपास तेवढीच. म्हणजे आमचं विमान धावपट्टीवर उभं असतानाच अठराशे-दोन हजार फुटांवर असतं. त्यात एप्रिलची दुपार, चाळीस अंश तापमान. तापलेली हवा विरळ होते. हिशेब केला तर त्या दुपारी विमानाच्या लेखी आपण पाच हजार फुटांच्याही वर असतो. टर्बो नसलेलं इंजिन हवा आकारमानानं ओढतं, वजनानं नाही. हवा विरळ झाली की दर हजार फुटांमागे त्याची तीनेक टक्के ताकद जाते. म्हणजे १६० ची पाटी असलेलं आमचं इंजिन एप्रिलच्या दुपारी १३५ च्या आसपासच देत होतं. पंखा आणि पंख यांनाही तीच पातळ हवा मिळते, त्यामुळे धाव लांबते आणि चढ मंदावतो. चाकं जमीन सोडेपर्यंत धावपट्टीचा बराच भाग मागे पडलेला असे, आणि पुढची झाडं जवळ येत असताना चढाचा काटा हलायला तयार नसे. विमानात बसून मी तो काटा पाहिला आहे, म्हणूनच माझा आग्रह होता.

आणि चढावर वीस अश्वशक्तीचा परिणाम वेगापेक्षा कितीतरी मोठा होतो. विमान नुसतं हवेत तरंगत ठेवायला जी ताकद खर्च होते ती गेल्यावर उरलेल्या ताकदीवर ते चढतं. घरात पगार आठव्या हिश्शानं वाढला आणि खर्च तेवढाच राहिला, तर महिनाअखेरची शिल्लक मात्र बरीच वाढते, तसं हे आहे. १८० चं इंजिन त्याच दुपारी १५३ च्या आसपास देणार होतं. हिवाळ्यातल्या सकाळी जुहूच्या समुद्राकाठी जुनं इंजिन जे देईल, जवळजवळ तेवढं. दख्खनचा उन्हाळा जे काढून घेतो ते परत मिळवायचं, एवढाच हा सौदा होता. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं हंसा-३ ला रोटॅक्सचं टर्बो इंजिन दिलं, तोही विरळ हवेवरचाच एक उपाय. आम्ही आकारमान वाढवण्याचा मार्ग घेतला.

हे आकारमान कुठून येतं ते पाहिलं की इंजिनियरला बरं वाटतं. दोन्ही इंजिनांच्या सिलिंडरचा व्यास एकच आहे, सव्वापाच इंचाला थोडा कमी. फरक फक्त स्ट्रोकचा. पिस्टन अर्धा इंच जास्त प्रवास करतो, आणि चार सिलिंडरांत मिळून सव्वापाच लिटरचे सुमारे सहा लिटर होतात.

आमच्या तळमजल्यावर अण्णा राहतात. उभी नोकरी खडकीला, किर्लोस्कर ऑइल इंजिन्समध्ये. नकाशे पसरलेले दिसले की ते खुर्ची ओढून बसत. त्यांनी पहिल्याच दिवशी नेमका प्रश्न विचारला : "ताकद वाढवलीस, पण उष्णता कुठून काढणार?" विमानाच्या या इंजिनांत पाणी नसतं, सगळी भिस्त वाऱ्यावर. सिलिंडरच्या डोक्याची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सिअस, आणि रोजच्या उड्डाणात त्याच्या बरंच खाली राहावं लागतं. वारा समोरून आत येतो, तो पत्र्याच्या आडोशांनी अडवून सिलिंडरच्या पंखांमधून खाली ढकलायचा असतो. आडोसा आणि वरचं झाकण यांच्यामध्ये रबराची पट्टी असते. ती कुठं मुडपली, कुठं फट राहिली, तर वारा सोप्या वाटेनं निघून जातो आणि सिलिंडर तापत राहतो. अण्णांच्या त्या प्रश्नासाठी मी अख्खी रात्र हँगरमध्ये काढली. दिवे मालवले, झाकण बसवलं, आत बल्ब सोडला आणि बाहेरून उजेडाच्या रेघा शोधल्या. जिथं रेघ दिसली तिथं खडूची खूण केली, झाकण काढून पट्टी नीट केली, पुन्हा झाकण, पुन्हा अंधार. शेवटी बाहेर उजेड दिसेनासा झाला.

माझ्या घरापासून तपकीर गल्ली चालत दहा मिनिटांवर. विजेची कुठलीही वस्तू तिथं मिळते आणि चांगली मिळते. पण विमानाला तिथला साधा लगही लावता येत नाही. विमानात जाणाऱ्या प्रत्येक भागाबरोबर तो कुणी बनवला, कुणी तपासला याचा सहीशिक्क्याचा कागद लागतो. इंजिन बदलणं म्हणजे तर विमानाच्या मूळ मान्यतेतच बदल. त्यासाठी पूरक मान्यता, म्हणजे एसटीसी लागते, आणि ती आपल्याकडे डीजीसीएनं स्वीकारावी लागते. कोणतं इंजिन, कोणता पंखा, कोणता माउंट, एक्झॉस्टचं काय, हे सगळं त्यात बांधलेलं असतं. लोकांना हा कागदी घोळ वाटतो. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं विमान २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया सप्ताहात सगळ्यांनी पाहिलं, त्याच्या नोंदणीला २०१७ उजाडलं, तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. तरी मला कागदाचं मोल पटलेलं आहे. दहा वर्षांनी हे विमान उघडणाऱ्या एएमईला माझा चेहरा ठाऊक नसेल. त्याच्या हातात माझं लॉगबुकच असेल.

नवा पंखा बसवला, बोल्ट टॉर्क रेंचनं आवळले आणि सेफ्टी वायर ओवली. तार दुहेरी घ्यायची, बोल्ट सैल होऊ लागला तर ती ताणली जाईल अशा बाजूनं, आणि पीळ इंचाला सहा ते आठ. कमी पडले तर तार हलते, जास्त झाले तर तुटते. मग वजन. टाक्या रिकाम्या केल्या, हँगरची दारं लावली, पंखे बंद केले, कारण विमानाच्या पंखावरून जाणारा वाराही वजन चोरतो. तिन्ही चाकांखाली तीन काटे, विमान लेव्हलमध्ये. नवं इंजिन काही किलोंनी जड आणि तेही नाकाशी, म्हणून गुरुत्वमध्य पुढे सरकला होता. मर्यादेत होता, पण सरकला होता.

पहिली उड्डाणं खनिज तेलावर झाली. नव्या रिंगा सिलिंडरमध्ये बसाव्यात म्हणून इंजिन जमिनीवर रेंगाळू द्यायचं नसतं आणि हवेत ताकदीनं चालवायचं असतं. तेल खाणं स्थिर झालं तशी आम्ही मुद्दाम तापलेली दुपार निवडली. पायलट, शेजारी मी, इंधन अर्धं. पूर्वी अशा हवेत मिनिटाला साडेचारशे फुटांवर घुटमळणारा काटा साडेसहाशेच्या पुढे जाऊन टिकला. सिलिंडरचं तापमान मर्यादेच्या पुष्कळ खाली. उतरल्यावर मी पहिला फोन अण्णांना केला.

डॉक्टरांचा पुढचा प्रश्न मला अपेक्षित होता : "आता चौघं आणि सामान, चालेल ना?"

"नाही डॉक्टर. आता उलट थोडं कमीच."

आमच्या मान्यतेत कमाल वजन होतं तेच राहिलं, २,३०० पौंड, म्हणजे १,०४३ किलो. ते सांगाडा ठरवतो, इंजिन नाही. इंजिन जड झालं तेवढी माणसांची जागा घटली. शिवाय तासाला ३२ लिटरच्या जागी ३८ लिटर इंधन लागू लागलं आणि टाकी तेवढीच, म्हणजे पल्लाही आखडला. डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनीच वही उघडली, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर दोघांपेक्षा जास्त माणसं न्यायची नाहीत हा आमचा जुना नियम नव्या वहीत पुन्हा लिहून खाली सही केली.

विमानाला मोठं इंजिन बसवायचं म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी हल्ली आधी त्यांची धावपट्टी, तिथला उन्हाळा आणि भरलेल्या विमानाचं वजन विचारतो. या तिन्हींची उत्तरं आली की किती ताकद हवी ते कळतं. आणि वाढवलेली ताकद जादा माणसं, जादा सामान, जादा घाई यांत खर्चून टाकली तर झाडं पुन्हा तितकीच जवळ येतात. ती राखून ठेवायची असते, ज्या दुपारी हवा दगा देईल त्या दुपारसाठी.