शिकत्या आईचा हिशेब

कॉलेजचा खर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फी येते. उच्च शिक्षणाच्या अर्थकारणाची अभ्यासक म्हणून मला ही सवय घातक वाटते, कारण धोरणंही त्याच सवयीने आखली जातात. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. निर्णय मोठा आहे आणि मी त्याचं मनापासून स्वागत करते. पण तो आखताना समोर होती ती बापाच्या घरी जेवणारी अठरा वर्षांची मुलगी. बीडच्या परळी तालुक्यातल्या धर्मापुरीसारख्या गावातून पुन्हा शिकू पाहणारी विधवा किंवा परित्यक्ता आई तेव्हा कुणाच्या मनात नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के आणि बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के निघालं. लग्नाबरोबर शाळा सुटते, म्हणून इथल्या एकल आईची वाट पुष्कळदा दहावी-बारावीच्या १७ नंबरच्या फॉर्मपासून, म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसण्यापासून, सुरू होते. तिच्या शिक्षणात फी हा लहान आकडा आहे. मोठा खर्च बुडणाऱ्या रोजाचा आणि लेकरं सांभाळण्याचा आहे, आणि तो कुणी उचलल्याखेरीज फीमाफी तिच्यापर्यंत पोचणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

आकडे मांडूनच पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार वर्षाला किमान १८० दिवस अध्यापन व्हायला हवं. रोजगार हमीची २०२५-२६ची महाराष्ट्रातली मजुरी रोज ३१२ रुपये. दोन्हींचा गुणाकार ५६,१६० रुपये. एवढे दिवस काम मिळतं कुठे, हा आक्षेप रास्त आहे. निम्मेच दिवस धरू. तरी २८,०८० रुपये होतात, आणि ज्या घरात कमावणारी एकटीच आहे तिथे हा वर्षाचा किराणा असतो. आता मदतीची बाजू. संजय गांधी निराधार योजनेतून महिना १,५०० रुपये मिळतात. ते घेणारीला लाडकी बहीण योजनेचे १,५०० मिळत नाहीत. सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २,२५० रुपये आहेत, पण ते मुलाच्या पोषणासाठी. यातला एकही रुपया ती शिकते म्हणून वाढत नाही. मजुरीला गेली तरी तेवढेच, वर्गात बसली तरी तेवढेच. शिवाय निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. रोजगार हमीच्या दराने ६८ दिवस काम केलेली बाई ती ओलांडते. म्हणजे शिकण्यासाठी सुट्टीच्या दिवसांत चार पैसे बाजूला टाकायचे म्हटले, तर अनुदान जाण्याची भीती.

रकमेइतकाच प्रश्न वेळेचा आहे, आणि त्याकडे माझ्या विषयातले लोकसुद्धा फारसं बघत नाहीत. शिष्यवृत्तीत आधी प्रवेश, मग दाखले, मग महाडीबीटी या शासकीय पोर्टलवरची छाननी, आणि पैसे त्यानंतर. बीड जिल्ह्यात गरजेच्या दिवशी रोख हातात ठेवणारी व्यवस्था एकच, ऊसतोडीच्या मुकादमाने आगाऊ दिलेली उचल. दिवाळीच्या सुमारास टोळ्या साखरपट्ट्यात निघतात त्याच्या कितीतरी आधी ती घरात आलेली असते. ते कर्ज आहे, आणि ते अंगमेहनतीने फेडावं लागतं. नवऱ्याशिवाय जाणारी बाई तर तिथे ‘अर्धा कोयता’, म्हणजे अर्धी जोडी, ठरते. तरीही घरात पीठ नसताना माणूस वर्षअखेरीच्या शिष्यवृत्तीपेक्षा आजची उचल निवडतो, आणि यात अडाणीपणा काही नाही. शैक्षणिक कर्जाचा मार्ग सुचवणाऱ्यांनी बँकेचा अर्ज एकदा वाचावा. त्यावर सहकर्जदार लागतो: आईवडील, नवरा किंवा सासूसासरे. नवऱ्याने टाकलेल्या बाईने यातलं कोणाचं दार ठोठावायचं?

मग लेकरं. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी, असं कायदा सांगतो. २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं. विद्यार्थिनी मात्र मजूरही नाही आणि कर्मचारीही नाही, त्यामुळे खडी फोडणाऱ्या आईला कागदावर मिळालेला हक्क वही घेऊन बसलेल्या आईला कागदावरसुद्धा नाही. अंगणवाडी काही तासांत सुटते. धर्मापुरीहून परळीच्या किंवा अंबाजोगाईच्या कॉलेजात जाणारीला एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, पण पास तिला कॉलेजात पोचवतो, लेकराला कुठे ठेवायचं ते सांगत नाही. इंग्लंडमध्ये पूर्णवेळ शिकणाऱ्या कमी उत्पन्नाच्या पालकांना बालसंगोपनाच्या खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. आपली ऐपत तेवढी नसेल, पण खर्चाची ती बाजू हिशेबात धरायला ऐपत लागत नाही.

आपल्याच पूर्वसुरींनी ती धरली होती. पंडिता रमाबाईंचे पती बिपिनबिहारी मेधावी १८८२मध्ये वारले तेव्हा मनोरमा तान्ही होती. १८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या कमाईतून; पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकता शिकता संस्कृत शिकवून त्यांनी निर्वाह केला. मुंबईत १८८९मध्ये शारदा सदन काढताना त्यांनी म्हणूनच शाळेबरोबर निवास आणि जेवण दिलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी विवाहबद्ध झाली, आणि १८९६मध्ये कर्व्यांनी उभारला तोही आश्रमच. आधी छप्पर आणि ताट, मग पाटी, असा त्यांचा क्रम होता. स्वातंत्र्यानंतर दुर्गाबाई देशमुखांच्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले, तेही शिक्षण अर्धवट सुटलेल्यांचा वेगळा विचार करूनच. हा धागा आपण कधी सोडला, हा खरोखर अभ्यासाचा विषय आहे.

यावर मुक्त विद्यापीठाचं नाव घेतलं जातं. १९८९मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने असंख्य बायकांना पदवी दिली, हे खरंच आहे. पण नर्सिंगचं प्रात्यक्षिक रुग्णाच्या खाटेपाशीच होतं, आणि लवकर मिळकत देणारे अभ्यासक्रम बहुधा असेच हजेरीचे असतात. दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे: पैसा आहेच तर तो तिच्या मुलांवर लावा, ती लहान आहेत. मला ही निवडच अमान्य आहे, कारण ती मुलं ज्या चुलीवर जेवतात ती पेटती ठेवणारी बाई तीच आहे. शिकूनही नोकरी कुठे, असंही विचारतात. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या पदांना आता बारावी लागते, आणि विधवांना तिथे वयाची सवलत चाळिशीपर्यंत आहे. म्हणजे गावातच मिळू शकणाऱ्या पगारासाठी पदवीचीही गरज नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून दोन वर्षं अभ्यासाला बसता येण्याची सोय लागते.

म्हणून मागणी अशी आहे की शिकणाऱ्या एकल आईला निर्वाहभत्ता द्यावा, तो रोजगार हमीच्या दराशी बांधावा, हजेरीवर महिन्याच्या महिन्याला द्यावा आणि निराधार योजनेच्या उत्पन्नमर्यादेत मोजू नये. १७ नंबरवाल्या बाईला हजेरीपट नसतो, तिच्यासाठी अभ्यासकेंद्राची नोंद धरावी. गैरफायदा घेतला जाईल या शंकेला हजेरी हेच उत्तर आहे. रोजगार हमीत आपण गेली कित्येक दशकं हजेरीपट आणि कामाचं मोजमाप पाहूनच मजुरी देत आलो आहोत. पहिला हप्ता जूनमध्ये, कागदपत्रांची छाननी चालू असतानाच, खात्यात पडला पाहिजे. अर्ज नामंजूर झाला तर तो वसूल करू नये. ती जोखीम शासनाने घ्यावी, कारण ती पेलण्याची ताकद या दोघांत त्याच्याकडेच आहे.