तापलेला फोन आणि अपडेटचा उतारा

४ ऑक्टोबर २०२३ रोजी अ‍ॅपलने आयओएस १७.०.३ हा अपडेट जगभर पाठवला. सोबतच्या टिपणात कारण एका ओळीत दिलं होतं: आयफोन अपेक्षेपेक्षा जास्त गरम होण्याची अडचण यात दूर केली आहे. आयफोन १५ प्रो बाजारात येऊन तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. भारतात या फोनची किंमत १,३४,९०० रुपयांपासून सुरू होत होती, आणि तो हातात धरवत नाही अशा तक्रारी पहिल्याच आठवड्यात सुरू झाल्या होत्या. अपडेट आला, तक्रारी ओसरल्या, आणि लोकांच्या मनात एक समज पक्का बसला की फोन तापला की अपडेट मारायचा.

फोनमधली उष्णता मोजणं आणि ती बाहेर काढायचे मार्ग आखणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे हा समज मला अस्वस्थ करतो. तो खोटा नाही, अर्धवट आहे. अपडेटने फोन थंड होतो, पण तो कशामुळे थंड झाला हे विचारल्याशिवाय ग्राहकाला काय मिळालं आणि त्याच्याकडून काय काढून घेतलं गेलं, हे कळत नाही.

आधी थोडा हिशेब. बॅटरीतून निघालेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. पडद्याचा प्रकाश आणि अँटेनातून गेलेल्या लहरी एवढाच काय तो अपवाद. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा असते. ती पाच तासांत संपली, तर फोन सरासरी चार वॅटच्या आसपास उष्णता सोडतो आहे. अर्ध्या तासात वीस टक्के उतरली, तर साडेसात वॅटच्या वर. तुमचा फोन किती तापणार याचा अंदाज बॅटरीच्या टक्क्यांवरून असा घरबसल्या काढता येतो.

आता ही उष्णता जाणार कुठे? फोनला पंखा नाही. पुढची काच आणि मागची बाजू मिळून सुमारे २४० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग, बस्स. आजूबाजूची हवा आपोआप वर चढते ती थोडी उष्णता नेते, थोडी प्रारणाने जाते. दोन्ही मिळून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे, साधारण दहा वॅट. फोनचा पृष्ठभाग किती तापू द्यायचा याची मर्यादा चिप ठरवत नाही. सिलिकॉन नव्वद अंशांपर्यंत तक्रार न करता काम करतं. मर्यादा ठरवते आपली त्वचा. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या हार्वर्डच्या संशोधकांनी १९४७ मध्ये दाखवून दिलं की ४४ अंशांचा स्पर्शही सहा तास टिकला तर त्वचा भाजते. म्हणून ४३ अंशांच्या आसपास थांबावं, हे आम्हा मंडळींचं सर्वसाधारण धोरण.

खोलीत २५ अंश असतील, तर पृष्ठभाग आणि हवा यांत १८ अंशांचा फरक मिळतो, आणि फोन चार वॅटच्या थोडं वर उष्णता सुखाने टाकू शकतो. खोलीत ३८ अंश असतील तर फरक उरतो पाच अंशांचा, आणि टाकता येते जेमतेम सव्वा वॅट. तोच फोन, तेच सॉफ्टवेअर, तोच गेम. अ‍ॅपल आणि सॅमसंग दोघांच्याही माहितीत फोन वापरण्याचं तापमान ० ते ३५ अंश असं दिलेलं आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. म्हणजे विदर्भातला माणूस उन्हाळ्यात फोन बाहेर काढतो तेव्हा तो कंपनीच्या हमीच्या तापमानाबाहेरच असतो.

त्यात ऊन. दुपारचं ऊन दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ओततं. फोनच्या एका बाजूच्या १२० चौरस सेंटिमीटरवर ते होतात बारा वॅट, आणि काळी काच त्यातले बहुतेक शोषून घेते. मोटारसायकलच्या हँडलला फोन लावून नकाशा बघत घरोघर पार्सल पोचवणाऱ्या मुलांच्या फोनमध्ये चिप जेवढी उष्णता तयार करते, त्याच्या दुप्पट-तिप्पट सूर्य आत घालतो. वर पडदा पूर्ण उजेडावर, जीपीएस चालू, डेटा चालू. या मुलांना सर्व्हिस सेंटरवाले ‘अपडेट करून बघा’ सांगतात तेव्हा मला वाईट वाटतं. सूर्याला कुठलाही अपडेट लागू पडत नाही. फोनवर सावली धरणारं पाच-पन्नास रुपयांचं छप्पर कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

मग सॉफ्टवेअरच्या हातात काय उरतं? दोन गोष्टी. एक, फोन जे फुकटचं काम करतो आहे ते बंद करणं. दोन, जे कामाचं आहे तेही हळू करणं. बाहेरून दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, फोन थंड लागतो. आतून मात्र पहिला इलाज आहे आणि दुसरी तडजोड.

आयफोन १५ प्रो हे पहिल्या प्रकारचं उदाहरण, निदान बऱ्याच अंशी. अ‍ॅपलने सप्टेंबरअखेर तीन कारणं सांगितली होती. नवा फोन लावल्यावर पहिले काही दिवस मागे चालणारी कामं, आयओएस १७ मधला एक दोष, आणि काही अ‍ॅपच्या ताज्या आवृत्त्यांनी यंत्रणेवर टाकलेला भार. इन्स्टाग्राम, उबर आणि अस्फाल्ट ९ हा गेम यांची नावंही घेतली होती. अशा दोषात काय होतं, तर अ‍ॅप बंद केल्यासारखं दिसतं, पण प्रोसेसरचा एखादा ताकदवान कोअर झोपायला जातच नाही. तो त्याच त्या सूचना पुन्हा पुन्हा चालवत बसतो. वापरणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही, फक्त खिसा गरम होतो आणि बॅटरी उतरते. अशी चूक दुरुस्त केली की उष्णता खरोखर जाते आणि वेगही शाबूत राहतो. कामगिरी कमी करून आम्ही हे साधणार नाही, असं अ‍ॅपलने स्पष्ट सांगितलंही होतं.

पण त्याच आठवड्यात मिंग-ची कुओ या विश्लेषकाने वेगळं निदान मांडलं होतं. त्याच्या मते दोष तीन नॅनोमीटरच्या नव्या चिपचा नव्हता. वजन कमी करायच्या नादात उष्णता पसरायची जागा कमी झाली, टायटॅनियमची चौकट आली, आणि मुळात उष्णता वाहून नेण्याच्या रचनेतच तडजोड झाली. अपडेटने थोडा फरक पडेल, पण वेग कमी केल्याशिवाय मोठा नाही, असं त्याचं भाकीत होतं. अ‍ॅपलने टायटॅनियमवरचा ठपका नाकारला. आतली चौकट अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि जुन्या पोलादी फोनपेक्षा उष्णता चांगलीच पसरते, असं कंपनीचं म्हणणं. दोघांपैकी कोण किती बरोबर यावर पुष्कळ वाद झाले. माझं मत कंपनीच्याच पुढच्या पावलांवरून बनलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १७ प्रोमध्ये टायटॅनियम गेलं, घडीव अ‍ॅल्युमिनियमचं अंग आलं, आणि आत व्हेपर चेंबर बसला. हे एक अतिशय पातळ, बंद धातूचं पाकीट असतं. आत किंचित पाणी. चिपजवळ त्याची वाफ होते, वाफ थंड बाजूला जाऊन पुन्हा पाणी होते, आणि आतल्या जाळीतून परत चिपकडे येते. उष्णता अशी एका जागी साठण्याऐवजी सगळ्या अंगावर पसरते. अपडेटनेच सगळं भागलं असतं, तर एवढा खटाटोप कुणी केला नसता.

आमच्या प्रयोगशाळेत हा फरक कसा दिसतो ते सांगतो. फोनवर उष्णतेचा कॅमेरा नुसता रोखून चालत नाही. काचेचं वाचन बरोबर येतं, पण चकचकीत धातूची कड स्वतःची उष्णता फार कमी प्रारित करते आणि समोरच्या वस्तूंची जास्त परावर्तित करते. कॅमेऱ्यात मग कडेवर माझ्याच हाताची उष्णता दिसते. म्हणून कडेवर विजेच्या कामाची काळी टेप चिकटवायची, आणि शंकेच्या जागी केसाएवढ्या तारेचं थर्मोकपल लावायचं. फोन २५ अंशांच्या बंद पेटीत ठेवायचा, जड गेम सुरू करायचा, आणि तापमान व प्रोसेसरचा वेग एकाच आलेखावर काढायचा. पहिली काही मिनिटं वेगाची रेघ माथ्यावर आडवी असते आणि तापमान चढत जातं. मग ठरलेल्या अंशाला पोचताच वेग पायरीपायरीने खाली येतो. याला आम्ही थ्रॉटलिंग म्हणतो. अपडेटच्या आधीचा आणि नंतरचा आलेख शेजारी ठेवला की लबाडी लपत नाही. वेगाची रेघ होती तिथेच राहून तापमान खाली आलं असेल, तर दोष दुरुस्त झाला. दोन्ही रेघा एकत्र खाली आल्या असतील, तर फक्त लगाम खेचला गेला.

लगाम खेचणं वाईटच असतं असं नाही. प्रोसेसरचा वीजखर्च वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग वीस टक्के आणि व्होल्टेज दहा टक्के कमी केलं तर खर्च तब्बल पस्तीस टक्क्यांनी उतरतो. वेगातला फरक गप्पा मारताना किंवा बातम्या वाचताना कुणाच्या लक्षातही येत नाही. सौदा चांगला आहे. तो न सांगता केला, ही माझी तक्रार आहे. २०२२ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस २२ मध्ये नेमकं हेच उघड झालं. गेमसाठी म्हणून असलेली एक सेवा हजारो अ‍ॅपचा वेग गुपचूप रोखत होती, मात्र फोनचा वेग मोजणारी अ‍ॅप त्यातून वगळलेली होती. वेग मोजणाऱ्या गीकबेंचने एस १० पासून एस २२ पर्यंतचे फोन आपल्या तक्त्यातून काढून टाकले, तेव्हा कंपनीने लगाम सैल करण्याचा पर्याय देणारा अपडेट आणला. तो घेतलेल्यांना वेग मिळाला, आणि त्याबरोबर उष्णताही परत मिळाली. त्या पिढीतली स्नॅपड्रॅगन ८ जेन १ ही चिप मुळातच जास्त वीज खात होती. काही महिन्यांत क्वालकॉमने जवळपास तीच चिप तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेतली आणि तिच्या मुख्य प्रोसेसरचा आणि ग्राफिक्सचा वीजखर्च सुमारे तीस टक्के कमी असल्याचं सांगितलं. दुखणं कारखान्यात होतं, तिथेच बरं झालं.

बॅटरीच्या बाबतीत तर सॉफ्टवेअरचा हात अगदीच तोकडा पडतो. २०१६ चा गॅलेक्सी नोट ७ आठवा. त्याच्या बॅटऱ्या पेट घेत असल्यामुळे विमानात तो वापरायला आणि चार्ज करायला भारतातही बंदी आली होती. कोरियात सॅमसंगने आधी अपडेट पाठवून चार्जिंग ६० टक्क्यांवर थांबवलं. डिसेंबरात अमेरिकेत जो अपडेट आला त्याने उरलेल्या फोनचं चार्जिंग कायमचं बंद केलं. जानेवारी २०१७ मध्ये कारणं जाहीर झाली: एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यातले इलेक्ट्रोड वाकलेले, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कण. दोन्ही दोष धातूतले. जुलै २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल ६ए साठी सक्तीचा अपडेट आणला. ज्या फोनची बॅटरी ४०० वेळा चार्ज होऊन गेली आहे, त्यांची क्षमता आणि चार्जिंगचा वेग त्याने कमी केला. तापण्याचा धोका घटला, फोन मात्र लवकर उतरू लागला. गूगलने हे उघड सांगितलं आणि बॅटरी मोफत बदलून द्यायची सोयही केली. सांगण्याची हीच रीत सगळ्यांनी पाळावी.

गंमत अशी की अपडेटने फोन काही काळ उलट तापतोही. नवी आवृत्ती आली की फोन सगळी अ‍ॅप नव्याने जुळवतो, फोटो तपासतो, शोधाच्या याद्या पुन्हा बनवतो. हे दोन-तीन दिवस चालतं. तेवढ्यात घाबरून दुकानात जाऊ नका, कारण दुकानदार ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणेल आणि हीच सगळी कामं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतील. एसटीने घाट चढताना खिशातला फोन तापतो त्याचं कारणही वेगळंच. टॉवर लांब गेला की फोन पूर्ण जोराने, म्हणजे २०० मिलिवॅटने, सिग्नल पाठवतो, आणि तेवढं बाहेर टाकायला आतला अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कितीतरी पट वीज जाळतो. अशा वेळी फ्लाइट मोड लावा.

तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. चार्जिंग करताना गेम खेळू नका आणि जाड कव्हर काढा. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, म्हणून उन्हात उभ्या गाडीतला फोन आधी सावलीत निवू द्या, मग चार्जरला लावा. कंपनीने ‘उष्णतेची अडचण दूर केली’ असा अपडेट पाठवला तर तो जरूर घ्या, आणि वेग, उजेड, चार्जिंग यांतलं काय कमी केलं ते ग्राहक सेवेला लेखी विचारा. असे प्रश्न वाढले तरच टिपणातल्या त्या एका ओळीच्या दोन-चार ओळी होतील. आणि फोनचं मागचं झाकण उचललं गेलं असेल, पडदा कडेने फुगला असेल, तर कुठल्याही अपडेटची वाट पाहू नका. फोन बंद करा, चार्जरला लावू नका, आणि बॅटरी अधिकृत केंद्रातूनच बदलून घ्या.