दुभाष्या

माणसाला नव्याची ओढ असते असे म्हणतात. मला ते अर्धेच खरे वाटते. नवी वस्तू आपण होऊन घरी आणण्यात गोडी आहे. पण जुनी वस्तू उशाशी ठेवून निजावे आणि सकाळी तीच नवी होऊन पुढे उभी राहावी, यात कसली आली आहे गोडी? नवे जोडे चावतात हे ठाऊक असते, म्हणून लग्नाच्या आधी आठ दिवस आपण ते घालून बघतो. संगणकाच्या राज्यात ही सवलत नाही. तिथे जोडे रात्रीतून बदलले जातात, आणि सकाळी पाय घातल्यावर कळते की आपला पायच आता जुन्या मापाचा झाला. या प्रकाराला ‘अपडेट’ म्हणतात. मराठीत ‘अद्ययावत करणे’ असा भारदस्त शब्द आहे. पण तो उच्चारीपर्यंत काम होऊनही गेलेले असते!

आमच्या घोडेगावच्या घरी असे एक अपडेट पावसाळ्यात अवतरले. ते आले मुलाच्या खेळात. मुलगा नववीत आहे. त्याचा मामेभाऊ त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. दोघे एकाच आळीत वाढले, एकाच ओढ्यात डुंबले. पुढे मेहुण्यांनी नोकरीसाठी भोसरीला बिऱ्हाड केले आणि जोडी फुटली. मग ती संगणकावर जुळली. रोज रात्री आठ ते नऊ दोघे एका खेळातल्या अरण्यात भेटत. तिथे लाकूड तोडीत, दगड वाहून आणीत आणि नदीकाठी एक वाडा बांधीत. दोन मजले झाले होते, तिसऱ्याचा जिना चालू होता. ज्यांच्या बापांना तालुक्याच्या गावी एक खोली वाढवताना घाम फुटतो, त्यांची पोरे तासाला चार खण बांधीत होती. मला त्याचे कौतुकच वाटे.

अपडेट झाले त्या रात्री खेळ सुरू झाला, पण चित्र उमटेना. आवाज मात्र स्वच्छ. नदी वाहत होती, रातकिडे किर्रकिर्रत होते, भोसरीहून भाऊ विचारीत होता, “अरे, आहेस कुठे? मी केव्हाचा दारात उभा आहे!” आणि आमच्याकडे काळाकुट्ट पडदा. मुलगा आंधळ्यासारखा त्या अरण्यात चाचपडत होता. नवे नको, जुनेच बरे, असे म्हणायचीही सोय नव्हती. दोघांनी भेटायचे तर दोघांची आवृत्ती एकच हवी. जुन्या आवृत्तीला अरण्याचे दार बंद.

आळीतल्या जाणत्या मंडळींनी निदान केले: “लॅपटॉप जुना झाला, नवा घ्या.” दुसऱ्याच्या खिशातून करायचा उपाय माणसाला फार लवकर सुचतो. तो लॅपटॉप मी 2020 च्या टाळेबंदीत घरून शिकवण्यासाठी घेतला होता. कॉलेजची कामे तो अजून बिनतक्रार करतो. तेव्हा खेळासाठी नव्याचा खर्च काढणे अवघडच होते. पण मुलाने हट्ट धरला नाही, हेच मला लागले. “राहू दे, बाबा,” तो म्हणाला, “दादाला सांगतो, जिना एकट्यानेच पुरा कर म्हणून.” चौदा वर्षांच्या पोराने इतके समजूतदार होऊ नये. हट्टाला उत्तर देता येते. समजूतदारपणापुढे बापाला बोलायला जागा राहत नाही.

वाट सापडली ती माझ्या एका विद्यार्थिनीमुळे. तिचे घर डिंभ्याच्या बाजूला. कविता आणि संगणक दोन्ही ती सारख्याच गोडीने उघडून बसते. पुस्तके परत करायला आली असता तिने काळा पडदा पाहिला आणि म्हणाली, “सर, यात मोडलेले काहीच नाही. खेळ धड आहे, यंत्रही धड आहे. त्यांचे एकमेकांशी बोलणे तुटले आहे.”

गाडी हाकणारा ड्रायव्हर मला ठाऊक होता. तिने दाखवला तो ड्रायव्हर निराळा. खेळ म्हणतो, “इथे नदी काढ, पाण्यावर झाडाची सावली पाड.” चित्र काढणाऱ्या चिपला ही भाषा कळत नाही. दोघांच्या मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाष्या असतो. तो खेळाचे बोलणे चिपच्या बोलीत उतरवून सांगतो. खेळ अद्ययावत झाला म्हणजे नवे शब्द, नवे वाक्प्रचार घेऊन येतो. दुभाष्या जुनाच असेल तर तो बापडा गप्प बसतो. त्या गप्प बसण्याचाच रंग काळा!

हे ऐकताना मला आमच्या शास्त्रातले मोडीचे दफ्तर आठवले. जुन्या घराण्यांच्या पेट्यांतून मोडी कागद निघतात. कागद शाबूत, शाई ठळक, वाचू पाहणाऱ्या नातवाची दृष्टी उत्तम. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळांतून उठली, आणि पणजोबांनी स्पष्ट लिहिलेले पणतवाला किड्यामुंग्यांची रांग वाटू लागले. मग मोडीवाचक शोधावा लागतो. तो नव्याने काही लिहीत नाही, जुन्यात काही बदलीत नाही. नुसता मध्ये बसतो आणि दोन पिढ्या एकमेकींशी बोलू लागतात.

या दुभाष्यामागे केवढे काम असते, तेही मला त्या दिवशी कळले. नेहमीच्या पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080, म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके असतात. चित्र हलते दिसावे म्हणून सेकंदाला साठ वेळा ते नव्याने रंगवायचे म्हटले, तर साडेबारा कोटींच्या आसपास ठिपके होतात. आमच्या अंगणात साधी ठिपक्यांची रांगोळी घालताना एक ठिपका चुकला तर सारे कमळ फिसकटते. इथे एखादा शब्द दुभाष्याच्या कानावरून गेला, तर सगळे अरण्य काळोखात बुडाले यात नवल ते काय?

मुलीची पद्धत मला फार आवडली. तिने वही मागून घेतली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम लिहायचा, मगच पुढची. पाठचिकित्सा आम्ही याहून निराळी शिकवीत नाही. आधी खेळाच्या सगळ्या फायली मूळ प्रतीशी ताडून पाहिल्या. जी फाटकी निघाली ती संगणकाने पुन्हा उतरवून घेतली. नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, त्या कामाची ही अगदी धाकटी बहीण म्हणायची. पडदा काळाच राहिला.

मग निघाले की आमच्या लॅपटॉपात चिपा दोन: एक काटकसरी, एक ताकदीची. बॅटरी वाचावी म्हणून खेळाचे काम काटकसरीकडे गेले होते. थोरला बैल गोठ्यात बांधून वासराला नांगराला जुंपावे, तसा प्रकार. सेटिंग बदलून थोरल्याला जुंपले. पुढे दुभाष्याची नवी आवृत्ती आणली. लॅपटॉप करणाराकडे त्याची जुनीच प्रत होती. चिप करणाराकडे ताजी मिळाली. आता चित्र आले, पण झाडे जांभळी आणि आकाशात चौकोनी भोके. त्याचे कारण ऐकून मी हसलो. दर वेळी नव्याने भाषांतर करायला नको म्हणून संगणक पूर्वीची भाषांतरे साठवून ठेवतो, आणि नव्या खेळातही तीच वापरू पाहतो. अभ्यासक्रम बदलला तरी पिवळ्या पडलेल्या टिपणांवर शिकवणारे प्राध्यापक आमच्या धंद्यात पुष्कळ; त्यातलाच हा. जुनी टिपणे पुसली, खेळ पुन्हा उघडला, आणि झाडांना हिरवी पालवी फुटली.

हे दुखणे काही आमच्या एकट्याच्या घरचे नव्हे. शहरांतल्या सायबर कॅफेंत ज्या ‘काउंटर-स्ट्राइक’ने एका पिढीच्या दुपारी खाल्ल्या, त्याची 2012 साली आलेली आवृत्ती 27 सप्टेंबर 2023 रोजी बाजूला झाली आणि तिच्या जागी नवी आली. तिच्याबरोबर डायरेक्टएक्स 9 वर चालणारी जुनी यंत्रे, 32 बिटांचे संगणक आणि मॅक यांचा आधार सुटला. जुनी आवृत्ती आडवाटेने उघडता येई, पण ठरलेल्या लढती आता नव्या आवृत्तीतच होऊ लागल्या. गाव होते, आठवड्याचा बाजार उठला होता. आमच्या तालुक्याला हे निराळे समजावून सांगायला नको. तालुक्याचे नाव आंबेगाव; पण ते आंबेगाव शोधीत जाल तर डिंभे धरणाचे पाणी दिसेल. गाव पाण्याखाली गेले, कचेऱ्या घोडेगावात आहेत आणि नाव तेवढे चालू आहे.

पण सुधारणा म्हटली की जुने बुडालेच पाहिजे असे नाही. त्याचा दाखलाही आमच्याच भागात आहे. मंचर-नारायणगावच्या वाटेने पुढे खोडदला गेलात, तर तारांच्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. गोविंद स्वरूपांनी उभारलेली ही रेडिओ दुर्बीण. एकेक तबकडी 45 मीटर व्यासाची. अशा 30, सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. 2010 नंतरच्या दशकात त्यांची सुधारणा झाली. पूर्वी एका वेळी 32 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकता येई, तो 400 पर्यंत वाढला. तबकड्या त्याच राहिल्या, कान नवे बसवले. आणि विशेष हे, की काम चालू असताना दुर्बीण बंद ठेवली नाही. जुनी यंत्रणा चालू ठेवून नवी तिच्या शेजारी उभी केली.

गंमत पुढेच आहे. तीस तबकड्यांच्या 435 जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीच्या लहरींचा गुणाकार करीत राहावे लागते. एकाच तऱ्हेचे कोट्यवधी हिशेब एकदम करणारी जी चिप मुलांच्या खेळांतली नदी रंगवण्यासाठी वाढली, त्याच जातीच्या चिपा खोडदच्या नव्या यंत्रणेत हे गुणाकार करतात. दर वर्षी 28 फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, तिथे जत्रा लोटते. ‘गेम खेळून कोणाचे भले झाले आहे?’ असे विचारणाऱ्या पालकांनी त्या जत्रेला जरूर जावे. उत्तर आकाशाकडे तोंड करून उभे आहे.

राहता राहिला आमचा वाडा. सगळे करूनही आमच्या यंत्राची कुवत ती कुवत. मुलीने सावल्या काढून टाकल्या, पाण्यातली प्रतिबिंबे पुसली, लांबचे डोंगर धुक्यात ढकलले. तेव्हा कुठे खेळ अडखळायचा थांबला. मग तिने वही मिटली आणि पुस्तकांची पिशवी उचलली. नदीकाठी वाडे बांधण्याविषयी तिला काय वाटते, हे विचारावे असे मनात आले होते. तिच्या आजोबांचे शेत धरणात गेलेले. मी विचारले नाही.

आता रात्री आठाला दोघे पुन्हा भेटतात. भोसरीच्या पडद्यावर नदीत चांदणे उतरते, वाड्याच्या तिन्ही मजल्यांची प्रतिबिंबे हलतात. आमच्याकडे नदी शहाबादी फरशीसारखी सपाट. परवा भाऊ म्हणाला, “पाण्यात बघ, आपला वाडा कसला भारी दिसतोय!” मुलाने एक क्षण त्या फरशीकडे पाहिले आणि म्हणाला, “हो रे दादा, भारीच दिसतोय.”

हे खोटे बोलणे म्हणावे, तर मला तसे म्हणवत नाही. पुढचे अपडेट येईल. कधीतरी असेही येईल की कोणत्याच दुभाष्याला ते पेलणार नाही. तेव्हाचे तेव्हा बघू. तूर्त दोघांच्या डोळ्यांपुढची नदी निराळी असली, तरी ते काठ मात्र एकच धरून आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावर कौले चढत आहेत.