तीन देशांच्या वेशीवरची द्राक्षं

लक्झेंबर्गला मोझेल नदी पहिल्यांदा भेटते ती शेंगेन गावापाशी. तिथून पुढे सुमारे चाळीस किलोमीटर ती लक्झेंबर्ग आणि जर्मनी यांच्या मधून वाहते. अशा नदीच्या मधोमध सीमारेषा असणार असं आपण धरून चालतो. इथे ती नाही. १८१५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत युरोपची फेरवाटणी झाली, तेव्हा मोझेलच्या पूर्वेचा मुलूख लक्झेंबर्गकडून काढून प्रशियाला दिला गेला. नदी मात्र दोघांत राहिली, सातबाऱ्यावर सामाईक विहिरीची नोंद असते तशी. आजही पाणी, खालचा तळ आणि वरचे पूल यांवर दोन्ही देशांचा सारखा हक्क आहे. शेंगेनच्या पुलावर उभा असलेला माणूस एकाच वेळी लक्झेंबर्गमध्येही असतो आणि जर्मनीतही. आणि पुलावरून दक्षिणेकडे बघितलं, तर नदी जिथून येते तो सगळा प्रदेश फ्रान्सचा.

सप्टेंबर संपत आला होता. मोझेलकाठच्या रेमिश गावाहून नदीकाठाने दक्षिणेकडे जाणारी बस धरली. लक्झेंबर्गमध्ये १ मार्च २०२० पासून बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट आहे, परदेशी पाहुण्यालाही. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला चढावर द्राक्षबागा, आणि मधूनमधून घराच्या दर्शनी भिंतीवर वाइन करणाऱ्या कुटुंबाच्या नावाची पाटी.

मी निफाडकडच्या द्राक्षबागांत वाढलो. बाग दिसली की नजर आधी वेलीच्या बांधणीवर जाते. आपल्याकडे मांडव नाहीतर वाय पद्धत. घड पानांच्या सावलीत ठेवायचे, नाहीतर उन्हाने मणी करपतात. इथे उलटं आहे. साडेएकोणपन्नास अंश उत्तर अक्षांशावर ऊन मोजकंच मिळतं. म्हणून वेली तारांवर सरळ उभ्या बांधलेल्या, घड जमिनीपासून फार उंच नाहीत, आणि घडांपुढची पानं हाताने काढून टाकलेली. नाशिक भागात वेल झोपत नाही, त्यामुळे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. इथे हिवाळाच वेलीला झोपवतो. छाटणी एकदाच, थंडीत, आणि आपल्या बागेत फळछाटणीची तयारी सुरू होते त्याच सुमारास इथे तोडणी.

या काठावर द्राक्षं आणली ती रोमनांनी. चौथ्या शतकात औसोनियस या कवीने मोझेलवर लॅटिनमध्ये दीर्घकाव्य लिहिलं, त्यात उतारांवरच्या बागांचं वर्णन आहे. नदीपलीकडे नेनिश गावात रोमन वाड्याची मोझेक फरशी आहे, सुमारे १६० चौरस मीटरची, तिसऱ्या शतकातली. १८५२ साली ती जमिनीखाली सापडली. तिच्यावर ग्लॅडिएटर आहेत, जनावरांच्या झुंजी आहेत. ज्या धन्याला एवढी फरशी परवडत होती त्याच्या तळघरात वाइनही भरपूर असणार, असं ती पाहताना वाटत राहतं.

पण इथल्या बागांचं नशीब रोमनांपेक्षा जकातनाक्यांनी जास्त घडवलं. ही गोष्ट मला इथे येईपर्यंत नीट उमगली नव्हती. १८४२ मध्ये लक्झेंबर्ग जर्मन जकातसंघात सामील झालं आणि पूर्वेची बाजारपेठ खुली झाली. जर्मन कारखानदारांना फेसाळ वाइनसाठी स्वस्त, आंबटसर कच्चा माल हवा होता. तो एल्ब्लिंग जातीच्या द्राक्षांतून भरपूर मिळायचा, म्हणून इथल्या शेतकऱ्याने एल्ब्लिंग लावली. नाव नाही, बाटली नाही, पिंपं भरून माल जायचा. पहिलं महायुद्ध संपलं, लक्झेंबर्ग त्या संघातून बाहेर पडलं आणि हे गिऱ्हाईक एकदम गेलं. १९२१ मध्ये बेल्जियमशी आर्थिक करार झाला, पण बेल्जियमच्या माणसाला फ्रान्सची वाइन सहज मिळत होती. तो आंबट एल्ब्लिंग कशाला घेईल? तेव्हा इथल्या शेतकऱ्यांना सगळंच बदलावं लागलं. १९२५ मध्ये रेमिशला सरकारी द्राक्षसंशोधन केंद्र निघालं, सहकारी तळघरं उभी राहिली, १९३५ मध्ये दर्जाची राष्ट्रीय मोहोर सुरू झाली. एल्ब्लिंग उपटून रीसलिंग, ओसेर्वा, पिनो अशा जाती लावल्या गेल्या. १९९१ पासून इथली फेसाळ वाइन ‘क्रेमाँ द लक्झेंबर्ग’ या नावाने विकली जाते. ज्या काठच्या मालाला कधी नावही नव्हतं, त्याच काठावरच्या बाटलीवर आता देशाचं नाव आहे. द्राक्षाच्या भावासाठी दुसऱ्याच्या बाजाराकडे डोळे लावून बसणं म्हणजे काय, हे नाशिकच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

शेंगेनमध्ये उतरल्यावर पहिल्यांदा दिसतात ते पेट्रोलपंप. एवढ्याशा गावात ओळीने पंप, आणि त्यांच्यापुढे जर्मन आणि फ्रेंच नंबरच्या गाड्या. लक्झेंबर्गमध्ये इंधन, तंबाखू आणि कॉफी यांवरचा कर कमी, म्हणून शेजारी इथे येऊन टाकी भरतात. सीमा पुसली तरी करांतला फरक उरलाच आहे. गावात जुना किल्ला होता, चौदाव्या शतकातला. १८१२ मध्ये तो पाडून वाडा बांधला गेला, पण एक गोल बुरूज तसाच ठेवला. व्हिक्टर ह्यूगो १८७१ मध्ये लक्झेंबर्गमध्ये राहत असताना इथे आला होता आणि त्याने या बुरुजाचं रेखाचित्र काढलं.

नदीकाठी संग्रहालय आहे आणि जवळच ‘प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड’ ही बोट. मधली काही वर्षं ती परदेशी होती, २०२५ मध्ये शेंगेन कराराला चाळीस वर्षं होताना तिला परत आणून धक्क्याला लावलं. १४ जून १९८५ रोजी या बोटीवर बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांच्या प्रतिनिधींनी आपसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू उठवण्याच्या त्या करारावर सह्या केल्या. त्यांत एकही पंतप्रधान नव्हता. आदल्या वर्षी युरोपच्या सीमांवर ट्रकचालकांनी जकातीच्या खोळंब्याविरुद्ध रस्ते अडवले होते, आणि त्याच उन्हाळ्यात फ्रान्स व जर्मनीने आपसातली तपासणी कमी करायचं ठरवलं होतं. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांच्यात तशी मोकळीक आधीच होती. म्हणजे जुळवायचे होते ते तीन प्रदेश, आणि ते जिथे मिळतात ती जागा म्हणजे हे गाव. त्या दिवशी फार कुणाचं लक्ष इकडे नव्हतं. प्रत्यक्ष नाके उठायला २६ मार्च १९९५ उजाडलं, आणि तेही सुरुवातीला सातच देशांत. आज ते देश २९ आहेत.

संग्रहालयात निरनिराळ्या देशांच्या सीमारक्षकांच्या टोप्या मांडलेल्या आहेत. त्या काचेपुढे मी बराच वेळ थांबलो. प्रत्येक टोपीखाली एकेकाळी एक माणूस होता, ज्याला तुमची पिशवी उघडायला लावण्याचा अधिकार होता. मुंबईत व्हिसाच्या कचेरीत बँकेचं स्टेटमेंट, विमा, परतीचं तिकीट असं बाड घेऊन मी ज्या गावाच्या नावाने अर्ज केला, त्याच गावात या टोप्या आता काचेत आहेत. आतली दारं उघडताना या देशांनी बाहेरचा दरवाजा एक केला आणि त्याला कडी घातली. आपल्यासारख्याला हे दोन्ही एकदम दिसतं. तरी आतली दारं उघडली ही गोष्ट मला लहान वाटत नाही. ज्या खंडाने एका शतकात दोनदा एकमेकांची गावं जाळली, त्याने हे केलं आहे.

पूल ओलांडून पेर्लला गेलो. कुणी काही विचारलं नाही. पेर्ल जर्मनीतलं, पण लक्झेंबर्गचे कितीतरी लोक तिथे घर घेऊन राहतात, कारण घरं स्वस्त पडतात. २००७ पासून तिथे दोन्ही देशांनी मिळून चालवलेली शाळा आहे. पेर्लहून दक्षिणेला चालत गेलं की थोड्याच वेळात आपाख, फ्रान्स. बेकरीची पाटी फ्रेंच झाली, एवढाच बदल. हे आपाख १८७१ ते १९१८ जर्मनीत होतं, मग फ्रान्समध्ये, मग १९४० मध्ये पुन्हा जर्मनांच्या ताब्यात. एकाच घरात जन्मून तिथेच म्हातारं झालेल्या माणसाचा देश इतक्या वेळा बदलला. तिन्ही काठांवरची जुनी बोली मात्र एकाच कुळातली. आपाखच्या दुकानातल्या आजीबाईंना मी शेंगेनमध्ये शिकलेलं ‘मोयेन’ घातलं, तर त्यांनी तोच नमस्कार खळखळून परत केला.

दुपारी परत येऊन मार्कुसबेर्ग चढलो. शेंगेनच्या वरचा हा द्राक्षांचा डोंगर. माती चुनखडीमिश्रित चिकण, पावसानंतर बुटाला चिकटणारी. पुढे उत्तरेला ग्रेवेनमाखरकडे कठीण चुनखडक लागतो आणि उतार अधिक उभे होतात. जाणकार म्हणतात की दक्षिणेच्या या मातीतली वाइन मऊ असते. वर ओसेर्वाची तोडणी चालू होती, क्रेमाँसाठी. क्रेमाँची द्राक्षं यंत्राने काढायला परवानगी नाही. घड अख्खे कात्रीने कापून उथळ क्रेटमध्ये ठेवायचे, आणि दीडशे किलो द्राक्षांतून शंभर लिटरपेक्षा जास्त रस काढायचा नाही. पुढे बाटलीत निदान नऊ महिने मुरवण.

बागेच्या मालकीणबाई साठीच्या असतील. मी नाशिककडचा द्राक्षवाला आहे म्हटल्यावर त्या वाकल्या आणि वेलीच्या बुंध्याशी जमिनीलगतची गाठ दाखवली. ती कलमाची गाठ. खालचं खुंट अमेरिकन, वरची वेल ओसेर्वा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किडीने युरोपच्या बागा मुळापासून खाल्ल्या, तेव्हापासून हाच उपाय. मी सांगितलं की आमच्याकडेही खुंट अमेरिकनच, डॉगरिज, पण ते खारट पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी. भुरी आणि डावणी या दोन रोगांची नावं त्यांच्या भाषेत वेगळी, पण पान उलटं करून पांढरी बुरशी शोधायची रीत अगदी आमचीच. बाईंच्या नखांत बागेची माती होती. घड तोडताना त्या आधी करंगळीने कुजका मणी काढून टाकत, मग घड क्रेटमध्ये ठेवत.

त्यांची मुलगी पेर्लला राहते. मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात जर्मनीने सीमेवर तपासणी सुरू केली, काही पूल बंद झाले, तेव्हा कित्येक आठवडे मायलेकी नदीच्या दोन काठांवरून फोनवर बोलत राहिल्या. गावाने तेव्हा युरोपचे झेंडे अर्ध्यावर उतरवले होते. ती तपासणी मे महिन्यात उठली. पण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या भूसीमांवर पुन्हा तात्पुरती म्हणून तपासणी सुरू केली आणि ती मुदत वाढतच गेली आहे. लक्झेंबर्गमध्ये रोज दोन लाखांहून जास्त माणसं शेजारच्या देशांतून कामाला येतात. जर्मनीत राहणाऱ्यांना संध्याकाळी घरी परतताना महामार्गावर ताटकळावं लागतं. बाई म्हणाल्या, “पुलावर अजून कुणी उभं नसतं. पण एकदा उभं राहता येतं हे त्यांना कळलंय, त्याची भीती वाटते.”

त्यांच्या बागेत हंगामापुरते पोलंडचे मजूर येतात. आदल्या दिवशी त्यांतला एक मुलगा घरच्या कामासाठी पेर्लपलीकडे गेला होता आणि महामार्गावरच्या रांगेत अडकून उशिरा पोचला होता, त्यामुळे तोडणी मागे पडलेली. आभाळ भरून येत होतं. पाऊस पडला की मणी फुगतात, फुटतात, साखर उतरते. हे इथेही तसंच. बाईंनी माझ्या हातात एक कात्री दिली, दुसरी स्वतः घेतली, आणि आम्ही एकाच ओळीच्या दोन बाजूंनी तोडायला लागलो.