नागपूरची वारी अन् दहाची न्याहारी

नागपूरला जायचं ठरलं, की आपल्या यवतमाळकडच्या बायकांची तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. कागदपत्रांची पिशवी, डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या, होस्टेलवरच्या लेकीसाठी लाडवांचा डबा, नणंदेकडे द्यायची तुरीची डाळ, सगळं कसं आठवणीनं भरलं जातं. पहाटे उठून घरच्यांची पोळीभाजी करायची, दूध तापवून ठेवायचं आणि स्वतः मात्र कपभर चहावर एसटीत चढायचं. खरं ना? मग दुपारी तीनला डोकं ठणकायला लागलं, की आठवतं, अगं बाई, सकाळपासून आपल्या पोटात काहीच नाही!

म्हणून आज मी तुम्हांला नागपूर दाखवणार आहे ते जरा निराळं. सीताबर्डीतल्या साड्या नाहीत की फुटाळ्याची संध्याकाळ नाही. हे आहे सकाळच्या साडेनऊ ते अकराचं नागपूर. म्हणजे आपण एसटीतून उतरतो आणि आपली कामं अजून सुरू व्हायची असतात, तेवढ्या वेळातलं.

या वेळच्या खाण्याला इंग्रजीत ‘ब्रंच’ म्हणतात, हे तुमच्या मुलीबाळींनी तुम्हांला सांगितलंच असेल. नाश्ता आणि जेवण यांच्यामधलं, दोन्हींची भूक भागवणारं खाणं. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या लेखकानं एका इंग्रजी साप्ताहिकात त्याची शिफारस केली, तेव्हापासून ते नाव रुळलं म्हणतात. पण आपल्याला त्याचं कौतुक ते काय! कापूस वेचायला पहाटे जाणाऱ्या बाया ऊन चढलं की धुऱ्यावर बसून भाकरी सोडतात, तीच ही न्याहारी. फरक एवढाच, की शेतातली बाई शिदोरी सोडून निवांत बसते, अन् शहरात कामाला आलेली आपण मात्र उपाशी धावतो.

नागपूर आणि आपलं नातं तसं जुनं आहे. आपला जिल्हा वऱ्हाडातला. मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी नागपूर, त्यामुळे कचेरी, कोर्ट आणि शिक्षण यांसाठी आपली माणसं तिकडेच जायची. मॉरिस कॉलेज १८८५ चं, हिस्लॉप त्याच्याही आधीचं, आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. पुढे १ मे १९८३ ला अमरावतीला वेगळं विद्यापीठ झालं आणि यवतमाळची महाविद्यालयं तिकडे गेली. पण त्यापूर्वी पदवीधर झालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या पदवीपत्रावर पाहा, नागपूर विद्यापीठाचंच नाव दिसेल. २००५ पासून या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. आज आपण जातो ते मुलांच्या प्रवेशासाठी, हायकोर्टाच्या तारखेसाठी, आणि फार करून ‘मेडिकल’ला नाहीतर एखाद्या मोठ्या दवाखान्यात. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी असते. आत शिरलं की बाहेर कधी पडू, याचा नेम नाही. तेव्हा आत शिरण्याआधी खाऊन घ्यावं, हे शहाणपणाचं.

आता वाट धरू या. यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी आणि नागपूर, असा हा सुमारे दीडशे किलोमीटरचा, तीन-साडेतीन तासांचा रस्ता. कळंबला चिंतामणीला एसटीतूनच हात जोडायचे. वर्ध्याला गाडी थोडी थांबली, तर गोरसपाकाचा पुडा घेऊन ठेवा. हे वर्ध्याचं बिस्किटासारखं खुसखुशीत खाणं. लेकीला न्यायला छान आणि परतीच्या प्रवासात आपल्यालाही आधार. पण त्यावर सकाळ भागवू नका हं! खरी न्याहारी नागपुरात.

नागपूरची सकाळ म्हणजे तर्री-पोहे. पोहे आपण घरी रोज करतो, त्यात काय पाहायचं, असं म्हणू नका. इथे वाफवलेल्या साध्या पोह्यांवर काळ्या चण्यांचा झणझणीत रस्सा ओततात, वर कच्चा कांदा, शेव किंवा चिवडा आणि लिंबाची फोड. रश्श्यावर जो लाल तेलाचा तवंग येतो ना, तीच तर्री. कस्तुरचंद पार्कच्या आसपासच्या पोह्यांच्या टपऱ्यांची ख्याती मोठी आहे. सकाळी तिथे कॉलेजची पोरं, कोर्टात जाणारे वकील आणि मॉर्निंग वॉकहून परतणारी आजोबामंडळी एकाच बाकाभोवती उभी दिसतात. मेट्रोचं स्टेशनही त्याच नावाचं आहे, त्यामुळे शोधायला त्रास नाही. पहिल्यांदा खाणार असाल, तर तर्री वेगळ्या वाटीत मागून घ्या. एक चमचा घालून पाहा, सोसेल तेवढीच पुढे घाला. सांडली तर साडीवरचा डाग जाता जात नाही, हेही ध्यानात ठेवा.

उभं राहून खाणं ज्यांना जमत नाही, गुडघे दुखतात किंवा बरोबर सासूबाई आहेत, त्यांनी बसायला जागा असलेलं ठिकाण गाठावं. हल्दीरामची उपाहारगृहं शहरात ठिकठिकाणी आहेत. मूळचं बिकानेरचं हे नाव नागपुरात असं रुजलं, की संत्रा बर्फी म्हटली की आधी तेच आठवतं. तिथे इडली-डोशापासून छोले-भटुऱ्यांपर्यंत सगळं मिळतं, स्वच्छतागृह असतं आणि एकट्या बाईकडे कुणी वळून पाहत नाही. या तिन्ही गोष्टींचं मोल कामाच्या दिवशी किती असतं, ते आपल्याला विचारा!

धरमपेठ-गोकुळपेठेकडे मुलांची कॉलेजं आणि वसतिगृहं बरीच. १९३२ पासून मुलींना शिकवणारं एल. ए. डी. कॉलेजही याच बाजूचं. लेकीला भेटायला जाणाऱ्या आयांनी हा भाग नक्की धरावा. इथे पोह्यांबरोबर आलूबोंडा, कचोरी, साबुदाणावडा मिळतो. थंडीच्या दिवसांत सांबारवडी दिसली तर सोडू नका. पुण्यामुंबईकडच्या पाहुणीला ‘सांबार’ म्हटलं की इडलीबरोबरचं पातळ आठवतं, पण आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर! कोवळा सांबार, खोबरं आणि खसखस यांचं सारण भरून तळलेली ही वडी ताकाच्या कढीबरोबर खावी. दोन वड्यांत पोट गच्च होतं. सावजीचं मात्र सकाळी नाव नको. हलबा-कोष्टी घरांतून आलेलं ते तिखटजाळ जेवण दुपारी किंवा रात्रीच शोभतं.

गणेशपेठच्या बसस्थानकावर उतरून हे सगळं गाठायचं कसं? आता ते सोपं झालं आहे. नागपूरची मेट्रो २०१९ च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ पासून चारही दिशांना धावू लागली. दोन्ही मार्ग सीताबर्डीला मिळतात. एका मार्गावर झिरो माइल आणि कस्तुरचंद पार्क, तर दुसऱ्यावर शंकरनगर, एल. ए. डी. चौक आणि धरमपेठ कॉलेज. रिक्षावाल्याशी घासाघीस नको आणि ऊनही लागत नाही. रेल्वे स्टेशनजवळ टेकडीच्या गणपतीचं दर्शन घ्यायचं असेल, तर तेही वाटेतच होतं. देव काही रागावत नाही. ‘आधी पोटोबा’ ही म्हण आपल्याच पूर्वजांनी करून ठेवली आहे.

इथवर वाचून तुमच्यातल्या काही जणी मनात म्हणत असतील, ‘ते सगळं खरं, पण बाईमाणसानं एकटीनं हॉटेलात बसायचं म्हणजे...’ या ‘म्हणजे’च्या पुढे आपण कधी जातच नाही. धनी बरोबर असले की बसतो, मुलं हट्ट करतात म्हणून बसतो, पण एकटीची भूक ही जणू भूकच नव्हे! त्यात पुन्हा पैशांचा विचार. पन्नास-साठ रुपये आपल्या एकटीच्या पोटात घालायचे, त्यापेक्षा घरी काहीतरी नेऊ, असं वाटतं.

त्याचाही हिशेब सांगते. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या गाड्यांत बायकांना निम्म्या तिकिटाची सवलत सुरू झाली. जाऊन-येऊन जे पैसे वाचतात, त्यात न्याहारी सहज निघते. सवलत मिळाली ती बायकांना, मग त्यातला एक घास तरी बाईच्या पोटात जायला नको का?

आणि ही केवळ हौस नाही. ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी औषध घेऊन उपाशी राहणं सरळ धोक्याचं असतं. साखर उतरते, घाम फुटतो, चक्कर येते. दवाखान्यात दुसऱ्याला दाखवायला गेलेली बाई स्वतःच बाकावर आडवी झाली, असं व्हायला नको. स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्याही आपल्यात पुष्कळ आहेत. बसून खाण्याची जागा निवडली, की तो प्रश्नही सुटतो. पाण्याची बाटली मात्र घरचीच असू द्या.

आमच्या शेजारच्या एका वहिनींची गोष्ट सांगते. त्यांची मुलगी नागपूरला शिकायला होती. वहिनी महिन्यातून एकदा जायच्या. वसतिगृहाच्या फाटकाशी डबा द्यायच्या, ‘अभ्यास कर, तब्येत सांभाळ’ म्हणायच्या, आणि दुपारची गाडी पकडून घरी. वर्षभर असंच चाललं. एका खेपेला मुलगीच म्हणाली, “आई, डबा राहू दे बाजूला. चल ना, पोहे खाऊ.” वहिनी आधी नको नको म्हणाल्या, मग गेल्या. समोरासमोर बसल्या. पहिली प्लेट संपेपर्यंत लेक काही बोलली नाही. दुसरा चहा आला, तेव्हा हळूच म्हणाली, की या शाखेत तिचं मन लागत नाही, दोन विषय राहिलेत आणि बाबांना सांगायची हिंमत होत नाही. फाटकाशी उभ्या-उभ्या हे तिनं कधीच सांगितलं नसतं. वहिनी रागावल्या नाहीत. पोहे गार झाले तरी ऐकत राहिल्या. पुढे मुलीनं शाखा बदलली. घरी थोडे दिवस वादळ झालं, पण आता ती मार्गी लागली आहे. वहिनी अजून म्हणतात, “डब्यातले लाडू तिनं मैत्रिणींत वाटले असतील. पोहे मात्र आम्ही दोघींनीच खाल्ले.”

मला वाटतं, लेकीला भेटायला जाणाऱ्या प्रत्येक आईनं हे लक्षात ठेवावं. डबा अवश्य न्या, पण एक तास टेबलाशी बसा. कुठे जायचं ते तिलाच ठरवू द्या. शहर आता तिचं आहे, यजमानीण ती आहे. बिल मात्र तुम्ही द्या!

ज्यांना इतक्यात नागपूरला जायचा योग नाही, त्यांनी एखाद्या रविवारी घरीच बेत करावा. वाटीभर काळे चणे रात्री भिजत घालून सकाळी मीठ टाकून कुकरमध्ये शिजवावेत. दोन कांदे आणि सुकं खोबरं भाजून आलं-लसूण, चमचाभर खसखशीबरोबर बारीक वाटावं. तेल नेहमीपेक्षा सढळ हातानं घ्यावं. मंद आचेवर वाटण परतून तेल सुटू लागलं, की हळद, तिखट, धने-जिरेपूड आणि घरचा काळा मसाला घालावा. तिखट जळू देऊ नये, नाहीतर रंग काळपट येतो. मग चणे त्यांच्या पाण्यासकट घालून चांगली उकळी आणावी आणि दहा मिनिटं आच बारीक करून ठेवावं. तवंग आपोआप वर येतो. पोहे बिनतिखटाचे आणि मोकळे करावेत. सगळ्यांनी दहाला एकदमच बसायचं, म्हणजे त्या दिवशी दुपारच्या स्वयंपाकाला सुट्टी!

आणि नागपूरला निघाल, तेव्हा पिशवीत कागदपत्रांच्या जोडीला एक गोष्ट आठवणीनं ठेवा. स्वतःच्या न्याहारीचे पैसे, वेगळ्या कप्प्यात. ते पैसे दुसऱ्या कशाला वापरायचे नाहीत, असं आधीच ठरवून टाका. गाडीतून उतरलात की पहिलं काम ते. कोर्ट, कॉलेज, दवाखाना कुठे पळून जात नाहीत. पोटभर खाल्लेल्या बाईला रांगेतही धीर असतो आणि खिडकीपलीकडच्या बाबूशी बोलताना आवाजही खणखणीत निघतो!